बसवलं की बाळाचे हात का थबकतात? धडाचा तोल आणि हात पुढे करण्याचं कौशल्य

प्रश्न थोडक्यात असा. साडेपाच महिन्यांचं बाळ उताणं असताना समोर धरलेला खुळखुळा दोन्ही हातांनी बरोबर पकडतं, तोंडात घालतं, या हातातून त्या हातात घ्यायची धडपडही करतं. तेच बाळ जमिनीवर बसवलं की पुढे वाकतं, दोन्ही हात पायांच्या मधे टेकवून ठेवतं, खेळण्याकडे टक लावून बघतं, पण हात काही उचलत नाही. उचललाच तर कलंडतं. मग हातात काही कमी आहे का? आणि बसायची सवय लागावी म्हणून उशांच्या गराड्यात रोज बसवून ठेवावं का?

वर्णनावरून तरी हातात काही कमी दिसत नाही. या वयाला हे असंच व्हायचं असतं. उशांचं मात्र करू नका; ते का, ते पुढे येईल. त्याआधी बाळ नेमकं कशाशी झुंजतंय ते समजून घेतलं, तर मदत कुठे करायची आणि कुठे हात आखडता घ्यायचा हे आपोआप कळतं.

उताणं असताना डोकं, पाठ, कंबर हे सगळं जमिनीने तोललेलं असतं. बाळाच्या वाट्याला फक्त हात येतो. बसवल्यावर तोच हात पुढे नेताना शरीराचा भार पुढे सरकतो, आणि त्याच क्षणी मानेच्या व पाठीच्या स्नायूंनी मागे ओढून तो सावरायचा असतो. लहान बाळाचं डोकं शरीराच्या लांबीच्या जवळजवळ पाव भाग असतं, म्हणजे वजन वरच्या टोकाला. खाली बूड लहान, पाय आखूड. अशा बांध्याने हात लांब करून तोल राखणं किती अवघड असेल याची कल्पना करा. म्हणून बाळ हिशेब करतं : हात खेळण्याला द्यायचे की बसण्याला? साडेपाच महिन्यांना उत्तर ठरलेलं असतं. हात जमिनीवरच राहतात, कारण त्या वेळी ते हात पायांचं काम करत असतात.

हा हिशेब प्रयोगांतही दिसला आहे. फिलिप रोशा यांनी १९९२ मध्ये ५ ते ८ महिन्यांच्या बाळांना वेगवेगळ्या स्थितींत ठेवून त्यांची हात पुढे करण्याची पद्धत पाहिली. स्वतःहून न बसणारी बाळं इतर सगळ्या स्थितींत दोन्ही हात एकदम खेळण्याकडे नेत. बसवलं की मात्र दोन हातांची ही जोडी मोडे. स्वतःहून बसू शकणारी बाळं कुठल्याही स्थितीत सरळ एक हात पुढे करत. म्हणजे बसता येण्याने फक्त बसणं बदललं नाही, हात वापरायची रीतच बदलली.

धडाची उतरंड

धड बाहेरून एकसंध दिसतं, पण बाळ ते टप्प्याटप्प्याने ताब्यात घेतं, वरून खाली. आधी मान. मग खांद्यांचा पट्टा आणि पाठीचा वरचा भाग. मग बरगड्यांचा खालचा भाग, मग कंबर, आणि सगळ्यात शेवटी माकडहाडाजवळचा भाग व नितंब. एखादं बाळ "अजून बसत नाही" म्हणतो तेव्हा बहुधा त्याचं अर्धं धड आधीच तयार असतं. कुठपर्यंत तयार आहे हे कुणी बघितलेलं नसतं, एवढंच.

प्रत्येक टप्प्यावर बाळ साधारण त्याच पायऱ्या चढतं. पहिल्यांदा आधार काढला की तो भाग थेट कोसळतो. मग उठणं-पडणं सुरू होतं : बाळ क्षणभर सरळ होतं, पुन्हा खाली येतं. मग डुलणं : सरळ राहतं, पण वाऱ्यावरच्या काडीसारखं हलतं. आणि मग स्थिरपणा. यातली डुलण्याची पायरी बघून पालक घाबरतात आणि लगेच आधार वाढवतात. तसं करू नका. डुलताना बाळाचे स्नायू मागे, पुढे, बाजूला असे छोटे छोटे सुधार करत असतात. शिकणं नेमकं तिथेच चाललेलं असतं.

आणखी एक गोष्ट आश्वासक आहे. कुठल्या दिशेला तोल गेला की कुठल्या बाजूचे स्नायू ओढायचे, याची कच्ची जाण बाळ बसायच्या कितीतरी आधीपासून दाखवतं. ती सुरुवातीला विस्कळीत असते. कधी मानेचे स्नायू आधी येतात, कधी पाठीचे, कधी कुणीच येत नाही. हजारो वेळा तोल जाऊन सावरल्यावर त्यातली कामाची जुळणी टिकते. हात हलायच्या आधीच धड तयार ठेवायचं, हे मोठ्यांसारखं पूर्वनियोजन तर नीट दिसायला वर्ष उलटावं लागतं. तोवर बाळ बहुतेक वेळा तोल गेल्यावरच तो सावरतं.

आधाराची उंची कशी शोधायची

हे घरी करता येतं. बाळ जागं, पोट फार भरलेलं नाही, झोपेला आलेलं नाही अशी वेळ निवडा. जमिनीवर पातळ पण घट्ट चटई घ्या. मऊ गादीवर बूड रुततं, नितंब मागे लोळतात आणि पाठीची कमान होते. मग चूक बाळाची की गादीची हेच कळत नाही.

बाळाला तुमच्याकडे पाठ करून बसवा. तुमचे दोन्ही पंजे त्याच्या काखांखाली, छातीभोवती घट्ट पण न दाबता ठेवा. बाळाचे हात मोकळे हवेत, तुमच्या हातावर किंवा स्वतःच्या मांडीवर टेकलेले नकोत. दुसऱ्या माणसाने समोरून खेळणं दाखवायचं. तीन गोष्टी बघा : डोकं आणि धड मोजून ५ सेकंद सरळ राहतं का; खेळणं डावीकडून उजवीकडे नेलं तर डोकं वळवताना धड ढासळत नाही ना; आणि खेळण्याकडे हात जातो का. तिन्ही जमलं की पंजे खाली सरकवा : खांद्याच्या फऱ्याच्या खालच्या टोकाशी, मग खालच्या बरगड्यांवर, मग बरगड्यांच्या खाली कमरेशी, मग नितंबांच्या हाडांवर. दर वेळी खालचं बूड सरळ आहे ना, मागे लोळलेलं नाही ना, ते बघत राहा.

एका उंचीवर येऊन बाळ बदलतं. हात पुन्हा खाली टेकतात, किंवा खांदे कानांपर्यंत चढतात, किंवा मुठी वळतात, किंवा दोन्ही हात पंखांसारखे मागे जाऊन फरे एकमेकांजवळ येतात. ही सगळी "मला वरचा भाग आवळून धरावा लागतोय" याची खूण. त्या उंचीच्या लगेच वरची जागा हा तुमच्या बाळाचा आजचा आधार. साडेपाच महिन्यांना तो बहुधा खालच्या बरगड्यांच्या आसपास येतो, पण आकड्यापेक्षा बाळावर विश्वास ठेवा.

या परीक्षेतून सगळ्यात समाधान देणारं दृश्य कुठलं, तर हे : ज्या बाळाचा हात बसवल्यावर उचलतच नव्हता, त्याच बाळाच्या बरगड्यांना दोन पंजे लावले की काही सेकंदांत हात उठतो, बोटं उघडतात आणि खेळण्यावर नेमकी जातात. अभ्यासांतही हेच आढळलं आहे. ज्यांचं नियंत्रण फक्त छातीपर्यंत उतरलंय त्यांना नितंबांशीच आधार दिला तर हाताची वाट वाकडीतिकडी होते, हेलकावे वाढतात. छातीशी आधार दिला की तोच हात जास्त सरळ आणि गुळगुळीत जातो. कौशल्य हातात होतंच. ते वापरायला पाया नव्हता.

हात मुळात पुढे येतो कसा

बरेच जण समजतात की बाळ आधी हात बघतं, मग खेळणं बघतं, आणि दोघांची नजरेने जोडणी करत हात नेतं. तसं होत नाही. अंधारात आवाज करणाऱ्या वस्तूकडे बाळं पहिला यशस्वी हात साधारण त्याच वयाला नेतात, ज्या वयाला ती उजेडात नेतात. हे १९९३ मध्ये रेचेल क्लिफ्टन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. हात दिसत नसतानाही बाळाला तो कुठे आहे हे सांध्यांच्या आणि स्नायूंच्या जाणिवेतून कळतं.

नवजात बाळही रिकामं नसतं. क्लास फॉन होफस्टेन यांनी १९८२ मध्ये नोंदवलं की नवजात बाळ वस्तूकडे बघत असताना त्याचा हात वस्तूच्या जास्त जवळून जातो; न बघताना तसा जात नाही. पकड नसते, पण रोख असतो. नंतर मधले काही आठवडे ही हालचाल विरळ झाल्यासारखी वाटते, मूठ सैल होऊ लागते, आणि ३ ते ५ महिन्यांच्या दरम्यान हात खऱ्या अर्थाने वस्तूला पोचतो.

त्या पोचण्याचा मार्ग प्रत्येक बाळाचा वेगळा असतो, आणि हे पालकांनी नीट समजून घेतलं तर निम्मी काळजी मिटते. एस्थर थेलन यांच्या गटाने चार बाळांचा आठवड्यामागून आठवडे अभ्यास केला. १९९३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. पहिला खरा हात एका बाळाने १२व्या आठवड्यात टाकला, दुसऱ्याने १५व्या, तिसऱ्याने २१व्या आणि चौथ्याने २२व्या. दहा आठवड्यांचं अंतर, आणि चारही बाळं निरोगी. त्यातल्या एका बाळाचे हात सतत जोरात फडफडत. त्याला स्वतःचा जोर आवरून, स्नायू ताठ करून हात वस्तूकडे वळवावा लागला. दुसरं शांत होतं, हात फारसे उचलतच नसे. त्याला उलट जोर लावायला शिकावं लागलं. ध्येय एक, अडचणी दोन प्रकारच्या. म्हणून दंगेखोर हातांच्या बाळाला शांत, स्थिर आधार आणि एकच खेळणं द्यावं. शांत हातांच्या बाळाला हलकं, चटकन वाजणारं, जरा स्पर्श झाला तरी हलणारं खेळणं द्यावं. दोघांना एकच उपाय लावू नये.

सुरुवातीचा हात सरळ जात नाही. मोठ्या माणसाचा हात एका, फार तर दोन झेपांत वस्तूपाशी जातो. चार-पाच महिन्यांच्या बाळाचा हात तीन-चार-पाच झेपा घेत, दिशा बदलत, कधी वस्तूच्या पलीकडे जाऊन परत येत पोचतो. पुढच्या काही महिन्यांत ही वाट सरळ होत जाते. बोटांचंही तसंच. सुरुवातीला वस्तू तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूने कवळली जाते. ६-७ महिन्यांना पकड अंगठ्याच्या बाजूला सरकते. ९-१० महिन्यांना अंगठा आणि तर्जनीची कच्ची चिमूट येते, आणि वर्षाच्या आसपास ती टोकाला टोक भिडवून नेमकी होते. मुद्दाम सोडून देणं हे धरण्यापेक्षा उशिरा येतं. त्यामुळे सहा महिन्यांच्या बाळाच्या हातातली वस्तू सुटत नाही किंवा नकळत सुटते, यात वावगं काही नाही.

एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही : खेळण्याला पाय हातांच्या आधी पोचू शकतात. उताण्या बाळाच्या पायांजवळ खेळणं धरलं तर साधारण १२व्या आठवड्याला पाय मुद्दाम त्याला भिडतात, हात त्यानंतर सुमारे महिनाभराने. खुब्याचा सांधा खांद्यापेक्षा कमी सैल असतो, त्यामुळे पाय आवरणं बाळाला सोपं जातं. लाथा मारणाऱ्या बाळासमोर वाजणारा चेंडू पायांशी धरून बघा; मजा तर येतेच, शिवाय पोटाचे स्नायू कामाला लागतात, आणि पुढे बसताना तेच उपयोगी पडतात.

रोज काय करायचं

पालथं झोपवणं नव्हे, पालथं *खेळवणं*. झोप कायम उताणीच. त्यात तडजोड नाही. जागेपणी मात्र पालथं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार अजून न सरकणाऱ्या बाळाला दिवसभरात मिळून किमान ३० मिनिटं जागेपणी पालथं ठेवावं, आणि कुठल्याही पट्ट्याच्या खुर्चीत किंवा ढकलगाडीत एका वेळी एक तासापेक्षा जास्त अडकवू नये. ३० मिनिटं म्हणजे एका दमात नाही. २-३ मिनिटांचे तुकडे करा, बाळ किरकिरायच्या आधी उचला.

पालथं ठेवल्यावर बाळ रडतं याचं फार मोठं कारण कोपर. कोपर खांद्याच्या मागे राहिले तर बाळाला वर उठायला टेकूच नसतो. ते नाक चटईत खुपसून संतापतं. टॉवेलची गुंडाळी छातीखाली, काखांच्या रेषेत ठेवा आणि दोन्ही कोपर खांद्यांच्या जरा पुढे आणा. मग एक हात त्याच्या बुडावर हलका दाबून ठेवा. भार मागे गेला की डोकं आणि छाती वर येतात. एवढ्यावर बहुतेक बाळांचं रडणं थांबतं. चार-पाच महिन्यांना कोपरांवर टेकून एक हात उचलायला लागलं की खांदा पुढच्या कामाला तयार होतोय असं समजा.

कुशीवर ठेवणं हा अतिशय उपयोगी आणि दुर्लक्षित प्रकार. पाठीमागे गुंडाळी, खालचा हात दबलेला नाही याची खात्री, समोर खेळणं. कुशीवर असताना हात गुरुत्वाकर्षणाशी फारसे भांडत नाहीत, दोन्ही हात छातीसमोर आपोआप एकत्र येतात. ज्या बाळाला उताणं असताना हात मध्यावर आणता येत नाहीत त्याच्यासाठी सुरुवात इथून करा. अर्थात बाळ जागं असताना आणि तुमची नजर असतानाच.

उताणं असताना हात उचलायला सुरुवातीला खांद्यावर सगळ्यात जास्त ताण येतो, कारण जमिनीवर पसरलेला अख्खा हात वर घ्यायचा असतो. बसलेल्या स्थितीत हात लोंबत असतो, त्यामुळे पहिली हालचाल हलकी. म्हणून तीन-साडेतीन महिन्यांचं बाळ उताणं असताना हात टाकत नसेल, तर त्याला मांडीवर, तुमच्या पोटाला टेकवून, छाती नीट धरून अर्धवट बसतं करा. काही बाळांचा पहिला हात इथेच पुढे येतो.

आणि आता बसणं. तुमच्या प्रश्नातल्या बाळासाठी कृती अशी :

१. तुम्ही जमिनीवर पाय फाकून बसा, बाळ तुमच्या पायांच्या मधे, पाठ तुमच्याकडे. पंजे शोधलेल्या उंचीवर.

२. समोर १०-१२ सेंटीमीटर उंचीची घट्ट पेटी ठेवा आणि तिच्यावर खेळणं, म्हणजे ते बाळाच्या बेंबी आणि छातीच्या मधल्या उंचीवर येईल. खेळणं जमिनीवर ठेवलं तर बाळ वाकून हात टेकतं. डोळ्यांच्या उंचीवर धरलं तर पाठ ताणून मागे जातं. हातभर फरक इथे पडतो, आणि नेमकी हीच चूक सगळ्यात जास्त दिसते.

३. अंतर बाळाच्या हाताच्या लांबीच्या थोडं आत. खेळणं एकच, फार तर दोन. बोटभर जाड दांडीचं, हलकं, धरता येईल असं. मोठं, गुळगुळीत, गोल खेळणं या वयाला हातातून निसटतं आणि बाळ नाउमेद होतं. ४ सेंटीमीटरच्या नळीतून आरपार जाईल अशी कुठलीही वस्तू नको. ती घशात अडकू शकते.

४. खेळणं दाखवा आणि थांबा. मनात १० पर्यंत मोजा. बाळाला हात सुरू करायला वेळ लागतो. दोन सेकंदांत खेळणं हातात कोंबलं तर हात पुढे करायची गरजच उरत नाही. बाळाचं मनगट धरून हात खेळण्यापर्यंत ओढत नेणं तर अजिबात नको. तो तुमचा हात झाला, त्याचा नाही.

५. पाचातल्या तीन-चार वेळा धड न ढासळता हात गेला, की पुढच्या दिवशी पंजे दोन बोटं खाली. ढासळलं तर पुन्हा वर. यात हार-जीत काही नाही. दमलेल्या संध्याकाळी आधार सकाळपेक्षा वर लागू शकतो.

६. दर खेपेला २-३ मिनिटं, दिवसातून ४-५ वेळा. नजर वळवणं, जांभई, डोकं एका बाजूला टेकणं, मुठी आवळणं दिसलं की थांबा.

डावीकडे आणि उजवीकडे सारखंच द्या. नितंबांशी आधार पुरायला लागला की खेळणं हाताच्या टप्प्याच्या ३-४ सेंटीमीटर बाहेर सरकवा, म्हणजे बाळ झुकेल आणि परत येईल. झुकून परत येणं हे बसण्याचं खरं कसब. नुसतं पुतळ्यासारखं बसून राहणं सोपं असतं.

उशा, खुर्च्या आणि बाकीची साधनं

उशांच्या गराड्यात बाळ पडत नाही, म्हणून ते बसतंय असं वाटतं. पण उशी कुठलीच उंची नेमकी धरत नाही. बूड रुततं, नितंब मागे लोळतात, पाठीची कमान होते, हनुवटी छातीवर येते आणि हात आवळले जातात. स्नायूंना सावरायचं काम मिळतच नाही. काखेपर्यंत घट्ट बसणाऱ्या साच्याच्या खुर्च्यांचं उलट : तिथे धड इतकं बांधलेलं असतं की डुलायला जागाच नाही. १०-१५ मिनिटं हात मोकळे करून खेळायला ठीक. तासन्‌तास ठेवलं तर शिकण्याचा वेळ खर्ची पडतो. चाकांच्या वॉकरबद्दल मात्र माझं मत स्पष्ट आहे : नको. त्यात पाय जमिनीला ढकलतात पण तोल कुणीच राखत नाही, आणि वेगाने जिन्यावरून किंवा गरम वस्तूंवर जाण्याचा धोका खरा आहे. कॅनडाने २००४ पासून त्यांच्या विक्रीवर बंदीच घातली आहे.

वर लटकणारी खेळणी चांगली, पण दोरी आखूड ठेवा, आणि बाळ हातांवर-गुडघ्यांवर उठायला लागलं की ती काढून टाका.

कधी थांबून दाखवून घ्यायचं

जागतिक आरोग्य संघटनेने घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतल्या ८१६ निरोगी मुलांवरून २००६ मध्ये जे टप्पे प्रसिद्ध केले, त्यात आधाराशिवाय बसण्याचा काळ ३.८ ते ९.२ महिने असा पसरलेला आहे. त्यामुळे साडेपाच महिन्यांना न बसणं म्हणजे उशीर नव्हे. त्याच अभ्यासात शेकडा चारांहून थोडी अधिक मुलं हातांवर-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत. बाळ मुदतीआधी जन्मलं असेल तर जितके आठवडे आधी, तितके वजा करून वय धरा. हा हिशेब दोन वर्षांपर्यंत चालवायचा.

महिन्यांपेक्षा मी पुढच्या गोष्टींना जास्त महत्त्व देतो. चार महिने पूर्ण होऊनही मान धरत नाही. मुठी सतत बंद, अंगठा आत दुमडलेला. डोकं एका बाजूला वळलं की त्या बाजूचा हात ताठ आणि दुसरा वाकलेला, ही तलवारबाजासारखी ढब सहा महिन्यांनंतरही सुटत नाही. छाती नीट धरूनसुद्धा पाच-सहा महिन्यांना हात पुढे येत नाही. नऊ महिन्यांना आधाराशिवाय बसत नाही. अंग सतत ताठ किंवा फार सैल. येत असलेली गोष्ट करेनासं झालं. आणि सर्वांत दुर्लक्षिलं जाणारं लक्षण : वर्षाच्या आत बाळ ठरावीक एकच हात वापरतं. "डावखुरा होणार" म्हणून घरात कौतुक होतं, पण इतक्या लवकर हाताची पक्की निवड नसते. दुसरा हात मागे पडतोय का हे बघायला हवं. खेळणं कधी डावीकडून, कधी उजवीकडून, कधी मधून देऊन आठवडाभर नोंद ठेवा, आणि ती घेऊन बालरोगतज्ज्ञांना दाखवा. यातलं कुठलंही एक दिसलं तर "बघू पुढच्या महिन्यात" म्हणू नका. लवकर सुरू केलेल्या व्यायामाचा फायदा या वयात सर्वांत जास्त.

यापुढे काय दिसेल

बाळ सहाव्या-सातव्या महिन्यात पुढे पडताना हात टाकेल, सात-आठ महिन्यांच्या सुमारास बाजूला, आणि मागे टाकायला नऊ-दहा महिने लागतील. म्हणून पुढे-बाजूला नीट सावरणारं बाळ एकाएकी सरळ मागे आपटतं. बसायला लागल्यावरही पहिले तीन-चार महिने मागे चटई पसरलेली असू द्या आणि तुम्ही हाताच्या अंतरावर असा.

एका स्थितीत मिळवलेला तोल दुसऱ्या स्थितीत आपोआप जात नाही, हेही ध्यानात असू द्या. कॅरेन अॅडॉल्फ यांनी २००० मध्ये साडेनऊ महिन्यांच्या बाळांसमोर कमी-जास्त रुंद होणारी फट ठेवली, पलीकडे खेळणं. बसण्याचा चांगला सराव असलेली ही बाळं बसून असताना किती झुकायचं हे अचूक ओळखत आणि फट फार रुंद असली की हात टाकत नसत. तीच बाळं नुकती रांगायला लागलेली होती. रांगत फटीपाशी आणली की न जमणाऱ्या रुंदीवरही पुढे जात आणि पडत (तिथे झेलायला माणूस होता). म्हणून "बसताना शहाणं आहे" एवढ्यावरून रांगत्या बाळाला पलंगाच्या कडेशी सोडू नका.

आणि वर्षाच्या सुमारास, चालायला लागल्यावर, एका हाताने सफाईने वस्तू घेणारं बाळ पुन्हा दोन्ही हात एकदम पुढे करू लागेल. ही पीछेहाट नाही. नवा तोल सांभाळताना दोन्ही हात पुन्हा एकमेकांना बांधले जातात, आणि चाल स्थिरावली की परत सुटे होतात. तेव्हाही तुम्ही करायचं ते आजच्यासारखंच : उभ्या बाळाला नितंबांशी दोन पंजांचा आधार द्या, खेळणं त्याच्या छातीच्या उंचीवर ठेवा आणि मनात दहापर्यंत मोजा.